देशाची बाजू आणि बाबांची बाजू

प्रश्न : विदर्भातील ६४ वर्षांच्या एका गृहस्थांचे पत्र आले आहे. १९८६ ते २०२० या काळात ते एका औष्णिक वीज केंद्रात नोकरीस होते आणि त्यातली बरीच वर्षे बॉयलरच्या देखभालीत गेली. त्यांची एकुलती एक मुलगी जर्मनीच्या पश्चिम भागात पर्यावरण अभियांत्रिकी शिकते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बापलेकीचे जगाच्या घडामोडींवरून वाद होत. अमेरिका हवामानाबद्दलच्या पॅरिस करारातून का बाहेर पडते, युरोप भारताच्या पोलादावर कार्बनचा कर कोणत्या तोंडाने लावतो, भारत कोळसा का सोडत नाही, असे ते विषय. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे धूर ओकला त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये, असे वडिलांचे म्हणणे. गणपतीच्या दिवसांत असाच एक वाद चिघळला आणि मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्या त्या पगारावर मी शिकले याची मला कधीकधी लाज वाटते.’’ तेव्हापासून रविवारचा फोन पाच मिनिटांवर आला आहे आणि ‘जेवलीस का’, ‘थंडी आहे का’ यापलीकडे बोलणे जात नाही. डिसेंबरात पुतणीच्या लग्नासाठी मुलगी घरी येणार आहे. ‘‘मी माझी मते गिळून टाकावीत का? की मी आयुष्यभर चुकीचेच काम केले? आणि आपल्यासारख्यांच्या मतांनी जगात असा काय फरक पडतो, की त्यापायी घरातले बोलणे बंद व्हावे?’’ असे ते विचारतात. यातला शेवटचा प्रश्न मुळात पत्नीचा आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे कळवले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानांचे आहे. त्यातली साडेतीन पाने भारताची बाजू मांडण्यात गेली आहेत, आणि ती तुम्ही चांगली मांडली आहे. उरलेल्या अर्ध्या पानात मात्र दोन गोष्टी जाता जाता येऊन गेल्या आहेत. पहिली अशी की, वसाहतीतल्या तुमच्या क्वार्टरच्या अंगणात पत्नी कुरड्या वाळत घालत, तेव्हा त्यांवर जुने धोतर पसरावे लागे आणि संध्याकाळपर्यंत ते करडे होई. आणि चार-पाच वर्षांची तुमची लेक सकाळी स्कूटरच्या सीटवर साचलेल्या राखेत बोटाने आपले नाव लिहीत असे. तुम्ही गमतीने लिहिले आहे की, तिची मुळाक्षरे तिथेच पक्की झाली. दुसरी गोष्ट गमतीची नाही. भारनियमनाच्या त्या वर्षांत उन्हाळ्यातल्या रात्रपाळीला ईएसपीचे, म्हणजे धुरातली राख विद्युतभाराने ओढून धरणाऱ्या यंत्रणेचे, एखादे फील्ड, म्हणजे तिचा एक विभाग, बंद पडलेले असे, धुराड्यातून काय बाहेर पडते आहे ते तुम्हाला दिसत असे, पण लोड उतरवण्याची, म्हणजे वीजनिर्मिती कमी करण्याची, मुभा नसे, कारण बाहेर खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज नव्हती.

माझे उत्तर मुख्यतः या अर्ध्या पानाबद्दल आहे. पण साडेतीन पाने ओलांडून थेट तिथे गेले, तर मी तुमचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही असे तुम्हाला वाटेल, आणि ते योग्यही होणार नाही.

तेव्हा आधी देशाची बाजू. ती खरी आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, जर्मनीत सातच्या आसपास आणि अमेरिकेत चौदाच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासून आजवर जो कार्बन हवेत साठला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा हिस्सा तीन-चार टक्क्यांच्या घरात येतो. हा वायू शतकानुशतके हवेत राहतो, त्यामुळे आजोबांनी सोडलेला धूर नातवाच्या हिशेबात धरणे हा रडीचा डाव नाही, ते पदार्थविज्ञान आहे. १९९२ मध्ये रिओ येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने हे तत्त्व म्हणून मान्य केले : जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. त्यानंतर अमेरिकेने १९९७ च्या क्योटो कराराला संसदेची मान्यता कधी दिलीच नाही, आणि पॅरिस करारातून ती एकदा बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला होता. तो त्यांच्याच हिशेबाप्रमाणे दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरा झाला. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ३०० अब्जांचा ठरला, तोही २०३५ पर्यंतचा, आणि भारताच्या प्रतिनिधीने त्या सभागृहातच तो अपुरा म्हणून नाकारला. तुमचा संताप हवेतून आलेला नाही.

आता मला यातली एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे, आणि ती तुम्हाला रुचणार नाही. दोन टनांचा तो आकडा सरासरीचा आहे, तुमचा नाही. त्या सरासरीत मेळघाटातली चुलीवर स्वयंपाक करणारी बाई आहे, बिहारमधला भूमिहीन मजूर आहे, आणि ज्यांच्या घरात एक पंखा व दोन दिवे आहेत अशी कोट्यवधी कुटुंबे आहेत. त्यांच्यामुळे आकडा दोनवर थांबतो. मुंबई ते जर्मनी विमानाने जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या नावावर एक टनाहून अधिक कार्बन जमा होतो, म्हणजे तुमची मुलगी लग्नाला येऊन परत जाईल तेव्हा वर्षाच्या भारतीय सरासरीतला मोठा वाटा तिने एका फेरीत संपवलेला असेल. आणि उन्हाळ्यात घरातले दोन एसी चालवणारे तुम्ही-आम्हीही त्या दोन टनांत बसत नाही. वाटाघाटींच्या टेबलावर भारताने दरडोई आकडा पुढे करणे पूर्ण न्याय्य आहे, कारण तिथे तो त्या चुलीपाशी बसलेल्या बाईच्या वतीने बोलत असतो. आपण दिवाणखान्यात तोच आकडा पुढे करतो तेव्हा तिच्या वतीने बोलत नसतो, तर तिच्या आडोशाला उभे असतो. मीही पुष्कळ वर्षे असाच आडोसा घेतला आहे, म्हणून हे मला लिहिता येते.

मुलीच्या बाजूलाही काही प्रश्न विचारावे लागतील, आणि ते तुम्ही विचारण्यापेक्षा मी इथे विचारलेले बरे. ती ज्या भागात राहते, त्या ऱ्हाइनच्या खोऱ्यात लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या खाणींपैकी काही आहेत. गार्ट्सवाइलरच्या अशाच एका खाणीसाठी जानेवारी २०२३ मध्ये ल्युट्झेराट नावाचे खेडे पोलिसांकरवी रिकामे करण्यात आले, आणि चिखलात उभे राहून हजारो तरुणांनी त्याला विरोध केला. रशियाचा गॅस बंद झाला तेव्हा २०२२ मध्ये जर्मनीने राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रे पुन्हा चालू केली; शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद केल्या; आणि कोळसा पूर्ण सोडण्याची तेथील कायद्यातली अंतिम मुदत २०३८ ची आहे. ‘बघा, तेही तसेच’ असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. हिवाळा तोंडावर आला आणि गॅस थांबला की, शहाणासुरता, श्रीमंत देशसुद्धा आधी दिवे चालू ठेवतो, एवढेच त्यातून दिसते. आणि ज्या रात्री तुम्हाला लोड उतरवू दिले नाही, त्या रात्रीचा निर्णयही त्याच जातीचा होता. तुमची मुलगी ल्युट्झेराटच्या बाजूने असेल तर मला तिचे कौतुकच आहे. पण तिने तिथल्या खाणकामगाराला भेटून ‘तुमच्या पगाराची मला लाज वाटते’ असे म्हटले असते का, हे तिने स्वतःला एकदा विचारून पाहावे.

तुमच्या वादाची खरी गाठ मात्र मला दुसरीकडे दिसते. तुम्ही दोघे एकाच धुराबद्दल भांडता असे तुम्हाला वाटते, प्रत्यक्षात धूर दोन आहेत. एक धूर कार्बन डायऑक्साइडचा. तो चंद्रपुरात सुटला काय आणि टेक्सासात सुटला काय, साऱ्या पृथ्वीच्या हिशेबात सारखाच जमा होतो. म्हणून त्याबद्दल ‘आधी तुम्ही, मग आम्ही’ असा वाद घालता येतो आणि घातलाही पाहिजे. दुसरा धूर राखेचा, सूक्ष्म कणांचा, सल्फर डायऑक्साइडचा. तो मुख्यतः आपल्याच हद्दीत उतरतो. धोतरावर, कुरड्यांवर, स्कूटरच्या सीटवर आणि मुलांच्या छातीत. या दुसऱ्या धुराच्या बाबतीत अमेरिकेने काय केले, हे विचारून काहीही साधत नाही. तिथल्या कुणी आपल्या अंगणात राख टाकलेली नाही, आणि ती कमी करण्यासाठी कुणाच्या ३०० अब्ज डॉलरची वाट पाहण्याचे कारणही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर होते; ती यादी कोणा परदेशी संस्थेने आपल्यावर लादलेली नव्हती.

मला शंका आहे की, तुमची मुलगी तोंडाने पहिल्या धुराबद्दल बोलते आणि तिच्या मनात दुसरा असतो. ती पॅरिस करार म्हणते, पण तिला आठवत असते ती स्कूटरची सीट. आणि तुम्ही तिला क्योटोचे उत्तर देता. उत्तर अचूक असते, प्रश्न वेगळा असतो. असे महिनोन्‌महिने चालले की एखाद्या दिवशी माणूस पगारावर घसरतो.

आता ‘मी आयुष्यभर चुकीचेच काम केले का’ या प्रश्नाकडे येते. याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात मागू नका, कारण एका शब्दातले कोणतेही उत्तर खोटे ठरेल. तुम्ही १९८६ मध्ये कामाला लागलात, तेव्हा हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती स्थापनसुद्धा झाली नव्हती; ती १९८८ ची. रिओ त्यानंतर चार वर्षांनी. त्या काळात डिप्लोमा होऊन बॉयलरवर रुजू झालेल्या तरुणाकडून त्याने पृथ्वीच्या तापमानाचा विचार करावा, अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. तुम्ही तयार केलेल्या विजेवर दवाखाने चालले, पिठाच्या गिरण्या चालल्या, शेतातले पंप चालले आणि तुमच्या मुलीच्या दहावीच्या अभ्यासाचा दिवाही चालला. जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या ग्रीड कोसळून ६० कोटींहून अधिक लोक अंधारात गेले, तेव्हा पश्चिमेची ग्रीड उभी राहिली, याचा अभिमान तुम्ही पत्रात व्यक्त केला आहे. तो अभिमान बाळगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण कार्बनबद्दल ठाऊक नव्हते हे जितके खरे, तितकेच राखेबद्दल पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हेही खरे. बंद फील्ड तुम्हाला दिसत होते. त्याची नोंद तुम्ही लॉगबुकात केली, वरिष्ठांना तोंडी सांगितले, आणि मग पाळी संपवून घरी आलात, असे तुम्ही लिहिता. त्या वेळी त्याहून अधिक काय करता आले असते, ते ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि, क्षमा करा, तुमच्या मुलीलाही नाही. मात्र ही हकीकत तुम्ही तिला कधी सांगितलेली नाही. तिला वडील दिसले आहेत ते कायम देशाचे वकील म्हणून. रात्री दोन वाजता धुराड्याकडे पाहत उभा असलेला, ज्याला काय करावे ते सुचत नाही असा माणूस तिने पाहिलेलाच नाही. देशाची बाजू मांडायला परराष्ट्र मंत्रालय आहे, पर्यावरण मंत्रालय आहे, दरवर्षी हवामान परिषदेला शिष्टमंडळ जाते. बाबांची बाजू मांडायला फक्त बाबा आहेत, आणि ती बाजू अजून मांडलीच गेलेली नाही.

म्हणून मते गिळू नका, असे मी म्हणेन. पण कोणते मत कुठे मांडायचे ते नीट वेगळे करा. हे केवळ तुमच्यापुरते नाही. या सदराकडे वर्षभरात अशी बरीच पत्रे येतात : कुणाचा भाऊ अमेरिकेत स्थायिक झाला आहे आणि युद्धावरून दोघांचे बोलणे तुटले आहे, कुणाचे सासरे कोकणातल्या प्रकल्पाच्या बाजूने आहेत आणि सून विरोधात. सगळ्या पत्रांत एक गोष्ट समान असते. माणसे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ म्हणून बोलू लागतात, आणि हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण, हे कुणीच विचारत नाही. पुढच्या वेळी ‘आम्ही दोनच टन सोडतो’ असे तोंडात आले, तर त्याऐवजी ‘मी’ घालून वाक्य पुरे होते का ते पाहा. होत नसेल तर ते वाक्य देशाचे आहे. वाईट नव्हे, पण स्वयंपाकघरात त्याचे काम नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तुम्ही मुलीला उद्देशून एक चित्र टाकले होते : भारताने २०३० चे लक्ष्य पाच वर्षे आधीच गाठले, निम्मी वीज आता हरित झाली. तिने त्यावर हसण्याची चिन्हे टाकली आणि तुम्हाला ते लागले. यात अर्धे तुम्ही बरोबर आहात. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर, स्रोतांची झाली, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतला फरक तुम्हाला कोणी समजावून सांगावा, अशी वेळ यायला नको होती! रात्री सौर पॅनेल किती युनिट देते, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेतला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा आजही कोळशाचाच आहे. बॉयलरच्या माणसाने हे चित्र पुढे ढकलताना एक ओळ खाली जोडली असती, ‘ही क्षमता आहे, निर्मिती नव्हे’, तर मुलगी हसली नसती. तिने कदाचित पुढचा प्रश्न विचारला असता. पुढे ढकललेला संदेश आपण स्वतः तपासून, त्यातली खोच सांगून पाठवला की तो आपला होतो, नाहीतर तो दुसऱ्याचाच राहतो आणि भांडण मात्र आपले होते. (आणि ही असली चर्चा गटावर करूच नका. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेखाली कार्बनचा कर शोभत नाही.)

आता तुमच्या पत्नींचा प्रश्न : आपल्या मतांनी जगात काय फरक पडतो? त्यांच्या या प्रश्नात मला शहाणपण दिसते, पण त्याचे सरळ उत्तर ‘काही नाही’ असे देता येत नाही. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या विद्यापीठातील कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली, की हवामानाच्या बाबतीत देशांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे. वानुआतू या चिमुकल्या देशाने ती उचलून धरली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती एकमताने मान्य केली आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने अभिप्राय दिला की, हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईचीही जबाबदारी येऊ शकते. तो बंधनकारक निवाडा नाही, हे खरे. तरी सत्तावीस मुलांच्या मताने एवढी मजल मारली. तुमच्या साडेतीन पानांतली ऐतिहासिक जबाबदारीची बाजू त्या मुलांचीही होती, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. तुम्ही दोघे एका बाकावर बसू शकता अशी ती एक जागा आहे.

त्या मुलांनी मत मांडण्यासाठी योग्य दार शोधले, हे त्यातले महत्त्वाचे. आपण बहुतेक जण मत मांडतो ते टीव्हीसमोर. पर्यावरणाच्या धोरणात सामान्य माणसाला दारे थोडी आहेत, पण ती आहेत. केंद्र सरकार पर्यावरण कायद्याखालची अधिसूचना काढते, तेव्हा साधारणपणे आधी मसुदा प्रसिद्ध करून साठ दिवस हरकती व सूचना मागवते. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा आला, तेव्हा लाखो लोकांनी हरकती पाठवल्या, तो मसुदा प्रादेशिक भाषांतही प्रसिद्ध करावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, आणि ती अधिसूचना त्या रूपात अंतिम झाली नाही. मोठ्या प्रकल्पाची किंवा विस्ताराची जनसुनावणी निदान तीस दिवसांची सूचना देऊन घ्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांवरील अहवालाचा गोषवारा मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो. स्थानिकाला उभे राहून बोलता येते, इतरांना लेखी म्हणणे देता येते, आणि जे बोलले गेले त्याची नोंद कागदावर होते. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो; पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण आणि प्रदूषण नियंत्रण यांना त्यात अग्रक्रम आहे. तो कुठे खर्च होतो, हे माहितीच्या अधिकारात विचारायला नाममात्र शुल्क आणि एक साधा अर्ज पुरतो.

यातले एक दार तर जणू तुमच्यासाठीच उघडे आहे. सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा, जिला तुम्ही लोक एफजीडी म्हणता, ती बसवण्याची अट डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना घालण्यात आली. मुदत २०१७ ची होती, ती पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय मात्र एकेका केंद्राचा विचार करून व्हायचा आहे. सरकारचे म्हणणे असे की, आपल्या कोळशात गंधक कमी आणि राख जास्त, तेव्हा एवढा खर्च कशाला. विरोधकांचे म्हणणे असे की, त्या वायूचे हवेत पुढे सूक्ष्म कण होतात आणि ते दूरवर जातात. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण मी बॉयलर पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला आहे. एफजीडी खरोखर किती उपयोगाची, की तेच पैसे आधी ईएसपीची फील्डे नीट चालू ठेवण्यावर घालावेत, हे चौतीस वर्षे तिथे काढलेला माणूस सांगू लागला तर त्याला ‘विकासविरोधी’ म्हणून कुणी गप्प करू शकणार नाही आणि ‘सरकारी’ म्हणून कुणी उडवून लावू शकणार नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांबद्दलच्या तुमच्या मताची जगाला तेवढी निकड नाही. धुराड्याबद्दलच्या मताची तुमच्या जिल्ह्याला आहे.

एक सावधगिरी सांगते. हे पाऊल मुलीला खूश करण्यासाठी उचलू नका. तिला ते लगेच ओळखू येईल. शिवाय अजून नोकरीत असलेल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे किंवा त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी जाहीर मांडणीत आणू नका. आपण स्वतः पाहिले तेवढेच लिहा, वर्ष आणि पाळी आठवत असेल तर तीही लिहा.

उरला प्रश्न डिसेंबरचा. लग्नघरात हे बोलणे जमणार नाही. हळदीच्या मांडवात कुणीतरी काका जर्मनीचा विषय काढतील, कुणी तिला ‘तिकडे थंडी फार ना’ विचारून थेट युक्रेनवर जातील, आणि चार माणसांत तुम्ही पुन्हा वकील व्हाल. तेव्हा ती लग्नाच्या दोन दिवस आधी येऊ शकेल का, ते आताच विचारा. त्याआधी तिला एक पत्र लिहा. ईमेल चालेल, पण व्हिडिओ कॉल नको. पडद्यावर समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला की आपण वाक्य अर्धे सोडतो. त्या पत्रात पॅरिस, क्योटो, बाकू यांतले एकही नाव घालू नका. त्या रात्रपाळीची हकीकत जशी मला लिहिलीत तशीच तिला लिहा. शेवटी ‘म्हणून तू मला समजून घे’ असे लिहिण्याचा मोह होईल, तो आवरा. ‘पगाराबद्दल तू बोललीस ते मला लागले’ हे मात्र साध्या शब्दांत लिहा, कारण ते खरे आहे आणि तिला ते ठाऊक असायला हवे.

ती आली की तिला एक गोष्ट विचारा : त्या रिकाम्या केलेल्या खेड्याच्या परिसरात ती कधी गेली होती का, आणि तिथे तिने काय पाहिले? मधे न बोलता ऐका. नंतर दोघांनी मिळून एका सकाळी जुन्या वसाहतीत चक्कर मारा. क्वार्टरमध्ये आता दुसरे कुटुंब असेल, तेव्हा आत जाता आले नाही तरी चालेल. फाटकाबाहेर एखादी दुचाकी उभी असेलच. तिच्या सीटवर आजही राख साचते का, ते दोघांनी बोट फिरवून पाहा, आणि जे दिसेल ते तुमच्या हरकतीच्या अर्जात पहिल्या परिच्छेदात, तारखेसह घाला. अर्जाचा मसुदा तिला तपासायला द्या. शुद्धलेखन तुमचे बरे आहे, पण परिच्छेद फार लांब होतात, हे मी तुमच्या चार पानांवरून सांगते.